नकाशात नसलेला देश

एखादा लेखक कागदावर एक नगर वसवतो. त्या नगराला वेस असते, देऊळ असते, राजा असतो, कायदा असतो. नसते ती केवळ पृथ्वीच्या पाठीवरची जागा. तेथे जाण्याला गाडी नाही, तेथून कुणाचे पत्र येत नाही. आणि तरीही काही वाचक एकदा त्या नगरात शिरले, की जन्मभर तेथे येजा करीत राहतात. शाळकरी वयात वाचलेले पुस्तक ते नोकरीत असताना पुन्हा काढतात आणि केस पिकल्यावर पुन्हा एकदा काढतात. कथेचा शेवट त्यांना ठाऊक असतो. म्हणजे पुढे काय झाले हे कळावे म्हणून काही ते जात नाहीत. मग ही ओढ कशाची, याचा थोडासा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

उदाहरणासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी हा जो आपला सीमेवरचा मुलूख, त्याने मराठी भाषेला असे दोन लेखक दिले. एकाने एक गड कल्पिला. दुसऱ्याने, सुमारे शंभर वर्षांनी, एक अख्खा देश कल्पिला.

पहिले रामचंद्र भिकाजी गुंजीकर. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघाले, की वाटेत जांबोटी हे गाव लागते. तेथे १८४३ साली गुंजीकरांचा जन्म झाला. १८६७ मध्ये निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे ते आरंभीचे संपादक. १८७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली त्यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिचा काळ शिवशाहीचा आहे. परंतु तिचे कथानक गुंजीकरांच्या कल्पनेतून उतरलेले आहे. इतिहासाच्या खऱ्या भूमीवर त्यांनी कल्पनेचा एक बुरूज उभारला आणि मराठी वाचक त्या बुरुजावर आनंदाने चढला.

दुसरे जी. ए. कुलकर्णी. चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे त्यांचे जन्मगाव. जन्मतारीख १० जुलै १९२३. बालपण व शिक्षण बेळगावात गेले. पुढे सुमारे तीन दशके त्यांनी धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' आणि 'रक्तचंदन' हे त्यांचे १९५९ ते १९६६ या काळातील संग्रह. त्यांतल्या पुष्कळ कथा आपल्याच भागातील घरांतून आणि गल्ल्यांतून घडतात. तेथली माणसे गरिबीने, अपमानाने आणि नात्यांच्या ओझ्याने वाकलेली आहेत. त्यांच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द सहज येऊन जातो. पुढे मात्र लेखकाची पावले दुसऱ्या दिशेला वळली. १९७२ च्या 'काजळमाया'मध्ये 'विदूषक' ही कथा आपल्याला एका अनोळखी राजदरबारात नेते. १९७५ साली 'रमलखुणा' हे पुस्तक आले. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत: 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. इस्किलार हे नाव कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. १९७७ च्या 'पिंगळावेळ'मध्ये त्यांनी ग्रीकांचा ऑर्फियस आणि स्पेनचा डॉन क्विझोट यांनाही आपल्या मुलखात बोलावून घेतले. हे सारे बेळगाव आणि धारवाडच्या माणसाने मराठीत लिहिले, ही गोष्ट आपण कित्येकदा विसरतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कल्पित जग वाचकाला धरून ठेवते ते कशाच्या बळावर?

पहिले बळ नियमाचे. लोकांना वाटते, की कल्पनेच्या राज्यात वाटेल ते घडू शकते. वस्तुतः तसे नाही. आजीच्या गोष्टीतील राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. हे एकदा सांगितले, की मग राक्षसाला तलवारीने मारता येत नाही. आजीने कंटाळून तलवारीनेच त्याचा शेवट केला, तर अंथरुणातले पोर ताडकन उठून बसेल आणि म्हणेल, 'असं कसं? पोपट कुठं गेला?' पाच वर्षांच्या पोरालाही हे कळते, की कल्पित जगाचा कायदा त्या जगाच्या कर्त्यालाही मोडता येत नाही. किंबहुना आपल्या खऱ्या जगात नियम इतक्या वेळा मोडलेले दिसतात, की जेथे ते पाळले जातात असे एखादे जग मनाला फार विश्वासाचे वाटते.

या बाबतीत इंग्रजीतील जे. आर. आर. टॉल्किन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डच्या या प्राध्यापकाने १९३७ साली 'हॉबिट' आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कथा प्रसिद्ध केली. हे गृहस्थ भाषांचे अभ्यासक. त्यांनी आधी काही भाषा कल्पिल्या, त्यांचे व्याकरण आणि शब्द रचले, आणि मग त्या भाषा बोलणारे लोक हवेत म्हणून त्यांचा इतिहास लिहावयास घेतला. प्रवासाला निघालेली पात्रे कोणत्या दिवशी किती मैल चालली आणि त्या रात्री आकाशात चंद्राची कोणती कला होती, याचाही त्यांनी हिशोब ठेवला. वाचक हा हिशोब तपासत बसत नाही. पण तो ठेवलेला आहे, हे त्याला कुठेतरी जाणवते. पक्क्या पायाच्या घरात पाऊल टाकताना जमीन खोदून पाहावी लागत नाही, तसेच हे आहे.

दुसरे बळ न सांगितलेल्या गोष्टींचे. चांगल्या कल्पित जगात प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालून दाखविलेली नसते. कुणी जाता जाता एखाद्या जुन्या युद्धाचे नाव घेतो, कुठे पडक्या भिंतीवर अर्धवट अक्षरे दिसतात, आणि कथा पुढे निघून जाते. वाचक मात्र तेथे घुटमळतो. टॉल्किन यांनी या पडक्या भिंतींमागचा इतिहास पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लिहावयास घेतला होता आणि १९७३ साली त्यांचे निधन झाले तोवर तो पुरा झाला नव्हता. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने १९७७ मध्ये त्यातून 'सिल्मरिलियन' हे पुस्तक सिद्ध केले. आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या हस्तलिखितांचे बारा खंड संपादून प्रसिद्ध केले. बापाने जन्मभर एक जग रचावे आणि मुलाने आपले उत्तरायुष्य त्याची कागदपत्रे लावण्यात घालवावे, ही ओढ सामान्य नव्हे.

जी. ए. कुलकर्णी यांची रीत याहून अगदी वेगळी आहे. त्यांनी आपल्या देशाचा नकाशा काढला नाही, राजांच्या वंशावळी दिल्या नाहीत, शेवटी शब्दकोश जोडला नाही. एका कथेतील नगराचा रस्ता दुसऱ्या कथेतील नगराला जाऊन मिळतो की नाही, हे ते सांगत नाहीत. तरीही त्यांच्या कथांतून हिंडणाऱ्या वाचकाला वाटत राहते, की ही सारी एकाच प्रदेशातील ठाणी आहेत. तेथे एकटा निघालेला वाटसरू पुनःपुन्हा भेटतो. 'प्रवासी' आणि 'यात्रिक' ही नावे तरी हेच सांगतात. वाटेत संकेत मिळतात, पण त्यांचा अर्थ वेळ निघून गेल्यावर कळतो. प्रत्येक ज्ञानाची किंमत द्यावी लागते आणि ती किंमत आधी सांगितली जात नाही. टॉल्किनच्या वाचकाला पुढे पुढे तेथले रस्ते पाठ होतात. जी. एं.चा वाचक दहाव्या खेपेलाही चाचपडतच जातो.

याच मुलखातील आणखी एका कल्पित गावाशी तुलना केली, तर हा फरक अधिक स्पष्ट होईल. प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास' या १९९४ च्या संग्रहापासून लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या. मराठी आणि कानडी यांच्या मिश्रणाने रंगलेल्या त्या गावात बेळगावचा वाचक आपली ओळखीची खूण शोधतो. हा रस्ता अमुक, ही शाळा तमुक, असे म्हणत हिंडतो आणि सुखावतो. जी. एं.च्या देशात मात्र ओळखीच्या खुणा दाराबाहेर ठेवून आत जावे लागते. पहिल्या गावात आपले बालपण परत मिळते. दुसऱ्यात आपण स्वतःलाच परक्यासारखे भेटतो.

तिसरे बळ, आणि माझ्या मते सर्वांत मोठे, हे वाचकाच्या वयाचे आहे. जग कल्पित असले तरी त्यात शिरणारा माणूस खरा असतो आणि तो बदलत असतो. 'पिंगळावेळ'मधील 'स्वामी' ही कथा घ्या. प्रवासात अडकून पडलेला एक साधा माणूस एका मठात जातो. त्याचा आदरसत्कार होतो आणि मग त्याला कळते, की आपल्याला येथे स्वामी म्हणून कायमचे कोंडण्यात आले आहे. खोली जमिनीखाली आहे, सेवा चोख आहे, सुटका नाही. अखेरीस त्या कोंडलेल्या जागेतून एक वेल तेवढी उजेडाकडे निघते. अठराव्या वर्षी ही कथा वाचणारा मुलगा पळवाट शोधतो. भिंत कुठे कच्ची असेल, पहारा कधी चुकवता येईल, याचा विचार करतो. तिशीतला संसारी माणूस तीच कथा वाचतो आणि त्याला वाटते, अरे, ही खोली तर माझ्या ओळखीची आहे. मलाही सन्मानाने आणि वेळच्या वेळी जेवण देऊन कुणीतरी आत बसविले आहे. चाळिशी उलटल्यावर लक्ष जाते ते वेलीकडे. आपण बाहेर पडू किंवा न पडू; पण आपल्या हातून उजेडाकडे काही गेले की नाही? कथेतले एक अक्षरही बदललेले नसते. बदललेला असतो तो वाचणारा. असे पुस्तक म्हणजे दाराच्या चौकटीवरची ती खूण आहे, जिच्याशी पाठ लावून उभे राहिले म्हणजे आपण किती वाढलो ते कळते.

येथे कुणी आक्षेप घेईल, की हे सारे वास्तवापासून पळणे झाले. शिक्षकाच्या पेशात हा आक्षेप वारंवार कानी येतो. 'सर, खोट्या गोष्टी वाचून पोरं बिघडतात,' असे म्हणणारे पालक सर्व धर्मांत आहेत, आमच्या समाजातही आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो, की येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राचे गाव कोणते? त्याच्या बापाचे नाव काय? पळून गेला तो दूरदेश कोणता? यांतले काहीही सांगितलेले नाही आणि दोन हजार वर्षांत कुणाचे त्यावाचून अडलेही नाही. खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला फसवू पाहतो. गोष्ट सांगणारा आधीच सांगून टाकतो की ही गोष्ट आहे, आणि मग तिच्या आडून असे काही सांगतो, की जे सरळ सांगितले असते तर आपण कान झाकून घेतले असते.

अर्थात पळवाट म्हणून कल्पित जगाचा आश्रय घेणारे वाचक असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जी. एं.चा देश त्या कामाचा नाही. तेथे दिलासा फार थोडा मिळतो. टॉल्किन हे श्रद्धावंत कॅथलिक होते. सर्व बुडाले असे वाटत असतानाच अकल्पितपणे मंगल घडावे, यात कथेचा परमोच्च आनंद आहे, असे त्यांचे मत होते. जी. एं.च्या जगावर नियतीची सावली पडलेली आहे आणि ती सहसा उठत नाही. माझ्या श्रद्धेत आशा हा एक सद्गुण मानला आहे. म्हणून हा प्रश्न मला स्वतःला टाळता येत नाही, की जेथे आशेला इतकी थोडी जागा आहे, त्या देशात आपण पुनःपुन्हा का जातो? माझ्यापुरते उत्तर असे आहे: जी आशा अंधार न पाहताच बाळगली, ती फार दिवस टिकत नाही. जी. ए. अंधार पुरता दाखवतात, आपल्याला हाताला धरून त्यातून नेतात, आणि तेथेही एक वेल उजेडाकडे निघालेली दिसते. त्या अंधारातून बाहेर आल्यावर माणूस आपल्या प्रार्थनेतले शब्द अधिक जपून उच्चारतो. ज्यांची श्रद्धा वेगळी किंवा ज्यांना श्रद्धाच नाही, त्यांचे उत्तर वेगळे असेल; पण प्रश्न सर्वांना सारखाच भेटेल.

लेखकाच्या नियमनिष्ठेबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून त्याच्या पात्रतेविषयी वाद निघाला, तेव्हा जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. सभासमारंभांपासून ते दूर राहत. परंतु ते माणसांना विटले होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या पत्रांचे खंड त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसतो तो पुस्तकांवर, चित्रांवर आणि मित्रांवर मनापासून प्रेम करणारा गृहस्थ. कल्पित जगात रमणारा माणूस खऱ्या जगाला पारखा होतोच असे नाही, याचा हा पुरावा घरचाच आहे.

श्रोतेहो, आपण सीमेवरची माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. या प्रश्नाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला इतकेच दिसते, की आपल्या वाट्याला आलेला नकाशा इतरांनी काढलेला आहे आणि त्यावरची नावे आपल्या हयातीतच बदलत आली आहेत. 'रमलखुणा' प्रसिद्ध झाले त्या दिवशी इस्किलार जेथे होते तेथेच ते आजही आहे. त्याच्या वेशीवर दाखला विचारीत नाहीत. तेथे जाण्यासाठी एकच परवाना लागतो, तो म्हणजे मराठी वाचता येणे.

आणि खरी काळजी आहे ती या परवान्याची. आज आपल्या पुष्कळ घरांत मुले मराठी बोलतात, पण शाळेत शिकतात ती इंग्रजी किंवा कानडी माध्यमातून. त्या भाषा त्यांना याव्यात, उत्तम याव्यात, स्वतः जी. ए. इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि कानडी शहरात राहूनच त्यांनी आपले बहुतेक लेखन केले. परंतु घरची भाषा केवळ भाजी आणण्यापुरती आणि रागावण्यापुरती उरली, तर एकसंब्याच्या माणसाने रचलेला देश एकसंब्याच्याच पोराला बंद होईल. टॉल्किनच्या जगात त्याला प्रवेश आहे. त्यावरचे चित्रपटही त्याने पाहिलेले असतात. आपल्या गावापासून दहा-वीस मैलांवर जन्मलेल्या एका माणसानेही असे जग रचले आहे, हे मात्र त्याच्या कानावर पडलेले नसते. वर्गात हे सांगितले म्हणजे मुले हमखास विचारतात, 'काय सांगताय, सर? आपल्या एकसंब्याचा?' त्या प्रश्नातले नवल पाहिले, म्हणजे वाटते की दार अजून बंद झालेले नाही.

तेव्हा करावयाचे काय? उपाय साधा आहे आणि त्याला खर्च नाही. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याला ती ऐकून समजते. रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे. लहानांसाठी जी. एं.चेच 'बखर बिम्मची' आहे. त्यातला बिम्म आणि त्याची बहीण बब्बी यांच्याशी मुलांची गट्टी जमायला वेळ लागत नाही. थोरल्यांसाठी 'हिरवे रावे' किंवा 'रक्तचंदन'मधील एखादी कथा घ्यावी, म्हणजे ओळखीच्या उंबऱ्यावरून सुरुवात होईल. मग 'विदूषक', मग 'स्वामी', आणि 'इस्किलार' सर्वांत शेवटी. न कळलेले कळेपर्यंत अडून बसू नये, पुढे जावे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या संस्था आपल्याकडे आहेत; निपाणी, संकेश्वर, खानापूर येथेही वाचणारी माणसे आहेत. ज्याच्या घरी ही पुस्तके असतील, त्याने ती कपाटात जपून ठेवण्यापेक्षा शेजारच्या मुलाला द्यावीत. पुस्तकाची पाने थोडी दुमडतील, एखादे परत यायला उशीर होईल, तेवढे सोसावे.

ज्या मुलाला आज ही गोष्ट अर्धीच कळेल, तो वीस वर्षांनी उरलेली अर्धी शोधीत पुन्हा त्याच पानाशी येईल. त्या दिवशी ते पान त्याला वाचता यावे, एवढी तजवीज आपण आज करून ठेवू या.